वेटिंग, आरएसी, तत्काळ: तुमच्या तिकिटावर नक्की काय लिहिलंय?

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की रेल्वेच्या तिकिटाबद्दल जे काही अडतं ते बिनधास्त लिहून पाठवा. पत्रं आली, ईमेल आले, व्हॉट्सअॅपवर तर तिकिटांचे फोटोच आले. सगळं वाचल्यावर एक जाणवलं, की बहुतेकांची अडचण एकच आहे. पैसे भरून झालेत, पीएनआर आलाय, तरी मी गाडीत चढू शकतो का, बसायचं कुठे आणि नाही गेलो तर पैसे किती परत मिळतील, या तीन गोष्टी त्या कागदावरून कळत नाहीत. माझ्या मते तिकिटाचं खरं कामच या तीन गोष्टी सांगायचं आहे. म्हणून खालची उत्तरं देताना मी हेच तीन प्रश्न धरून बसलेय. सगळी पत्रं छापायला जागा नाही, पण जे प्रश्न सारखे आले ते घेतलेत.

प्रश्न: ताई, नागपूरला भाच्याचं लग्न आहे. जळगावहून स्लीपरची तिकिटं ऑनलाइन काढली. काढताना आरएलडब्ल्यूएल १८ आलं, आता आरएलडब्ल्यूएल १८/डब्ल्यूएल ११ दाखवतंय. मेव्हणे म्हणतात १८ आणि ११ मिळून २९ वेटिंग आहे. दुसरं म्हणजे माझ्या मित्राचं त्याच गाडीचं मुंबईहून वेटिंग ६२ होतं ते कन्फर्म झालं आणि माझं ११ दोन दिवस जागचं हलत नाहीये. हा काय प्रकार आहे? – एक वाचक, जळगाव

दादा, आधी मेव्हण्यांचा हिशोब बाजूला ठेवू. बेरीज करायची नाही. तिरक्या रेघेच्या अलीकडचा आकडा म्हणजे तिकीट काढलं त्या क्षणी तुमचा नंबर काय होता, आणि पलीकडचा म्हणजे आज काय आहे. १८ वर होतात, आता ११ वर आलात, म्हणजे मधल्या काळात सात जणांनी कॅन्सल केलं. अलीकडचा आकडा शेवटपर्यंत तसाच राहणार, तो बघायचाच नाही, फक्त पलीकडचा बघत राहायचं.

आता मित्राचं ६२ कसं झालं आणि तुमचं ११ का अडलं, तर तुम्ही दोघं वेगवेगळ्या रांगेत उभे आहात. गाडी एकच असली तरी तिच्यातल्या जागा आधीच वाटून ठेवलेल्या असतात. गाडी जिथून सुटते तिथून किंवा त्याच्या आसपासच्या स्टेशनांवरून लांब पल्ल्याला जाणाऱ्यांसाठी सगळ्यात मोठा वाटा असतो, त्यांचं वेटिंग म्हणजे जीएनडब्ल्यूएल. जागा जास्त, त्यामुळे कॅन्सल करणारेही जास्त, त्यामुळे ही रांग भराभर पुढे सरकते. मधल्या मोठ्या स्टेशनांना वेगळा छोटा वाटा दिलेला असतो, त्याचं वेटिंग आरएलडब्ल्यूएल. तुमची जागा तेव्हाच होणार जेव्हा त्याच छोट्या वाट्यातलं कोणीतरी तिकीट रद्द करेल, मुंबईहून कोणी कितीही कॅन्सल केलं तरी त्याचा तुम्हाला सहसा उपयोग नाही. आणि अनेक लहान स्टेशनांना मिळून एकच सामायिक वाटा असेल तर त्याचं वेटिंग पीक्यूडब्ल्यूएल, ते तर अजूनच हळू हलतं. म्हणून नुसता आकडा बघून खूश किंवा नाराज होऊ नका, आकड्याच्या आधीची अक्षरं वाचा. आरएलडब्ल्यूएल ११ पेक्षा जीएनडब्ल्यूएल ६२ बरं, हे ऐकायला विचित्र वाटतं पण बऱ्याचदा खरं असतं.

पुढच्या वेळी एक करून बघा. जळगाव ते नागपूर वेटिंग दाखवत असेल तर तीच गाडी जिथून सुटते तिथून तिकीट उपलब्ध आहे का ते बघायचं, आणि असेल तर तिथून काढून बोर्डिंग स्टेशन जळगाव निवडायचं. बुकिंगच्या पानावरच तो पर्याय असतो आणि तो पूर्ण नियमात बसतो, चोरीछुपे काही नाही. पैसे लांबच्या अंतराचे जातील, तेवढं सोसायची तयारी हवी.

राहिला प्रश्न लग्नाला जायचं का. चार्ट, म्हणजे कोणाला कोणती जागा मिळाली ती यादी, लागेपर्यंत वाट बघा. पूर्वी पहिला चार्ट गाडी सुटायच्या चार तास आधी लागायचा, २०२५ मध्ये ती वेळ अजून आधी नेली, त्यामुळे आता थोडं लवकर कळतं आणि दुसरी सोय बघायला वेळ मिळतो. चार्ट लागल्यावरही एका तिकिटावरचे सगळेच वेटिंगवर राहिले तर ऑनलाइन काढलेलं तिकीट आपोआप रद्द होतं, थोडं क्लर्केज, म्हणजे रेल्वेचं कामकाजाचं शुल्क, कापून पैसे खात्यात परत येतात, आणि मग त्या तिकिटावर गाडीत चढायचं नाही, कारण ते तिकीटच उरलेलं नसतं. चढलात तर विनातिकीट धरतील. चौघांपैकी दोघांचं झालं आणि दोघांचं राहिलं तर तिकीट रद्द होत नाही. ज्यांचं झालं नाही ते गेले नाहीत तर गाडीतल्या टीसीकडून तसं सर्टिफिकेट घ्यायचं आणि टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा अर्ज, भरून त्यांचे पैसे मागायचे, हे फार कमी लोकांना माहीत असतं आणि पैसे तसेच बुडतात.

खिडकीवर काढलेलं वेटिंग तिकीट मात्र आपोआप रद्द होत नाही, ते आपणच जाऊन रद्द करायचं. ते हातात आहे म्हणून स्लीपर किंवा एसीत बसता येतं असा समज अजूनही खूप आहे. तसं नाही. त्यावर फार तर जनरल डब्यातून जाता येतं.

प्रश्न: आईला एकटीला पाठवायचंय, वय ६७. तिकीट आरएसी ८ आलंय. चढू देतील ना? की उभं राहून जावं लागेल? – पुण्याहून एक लेक

चढू देतील, नक्की. आरएसी आणि वेटिंग या दोन्हीत लोकांचा फार गोंधळ होतो पण हा फरक जमीन अस्मानाचा आहे. आरएसीवाल्याला गाडीत चढायचा आणि बसायचा पूर्ण हक्क असतो, फक्त आख्खा बर्थ मिळायची खात्री नसते. स्लीपरमध्ये साइड लोअरचा एक बर्थ दोन आरएसी प्रवाशांना मिळून देतात, दोघं समोरासमोर बसून जातात. कोणी कॅन्सल केलं किंवा आलंच नाही तर टीसी गाडीत फिरताना नंबराप्रमाणे रिकामे बर्थ देत जातो, त्यामुळे ८ नंबरला पूर्ण बर्थ मिळायची शक्यता चांगली आहे. आईंना एवढंच सांगून ठेवा की चार्ट लागल्यावर मोबाईलवर डबा आणि बर्थ नंबर येईल, त्या जागेवर जाऊन बसायचं आणि टीसी आला की आपणहून विचारायचं. गप्प बसलं तर कधीकधी बर्थ दुसऱ्याला जातो.

एक गोष्ट मला मनापासून खटकते ती इथेच सांगते. आरएसीला भाडं पूर्ण घेतात. रात्रभर निम्म्या बर्थवर बसून जाणाऱ्या ६७ वर्षांच्या बाईला तेवढेच पैसे पडतात जेवढे पूर्ण झोपून जाणाऱ्याला. हे बदललं पाहिजे. निदान तिकीट काढताना पैसे भरायच्या आधी ठळक अक्षरात "तुम्हाला निम्मी जागा मिळेल" एवढं तरी सांगायलाच हवं.

प्रश्न: आमचे बाबा शेतकरी आहेत, प्रवास क्वचित करतात. खिडकीवर जाऊन गावाचं नाव सांगितलं, तिकीट घेतलं आणि जी पहिली गाडी आली तिच्यात जनरल डब्यात बसले. टीसीने पकडून २५० च्या वर पैसे घेतले, वर चारचौघात विनातिकीट म्हणाला. तिकीट तर हातात होतं!! बाबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. यात त्यांची चूक काय? गाडीचं आणि स्टेशनचं नाव छापू नका. – एक वाचक

तुमच्या बाबांना आधी हे वाचून दाखवा की ते विनातिकीट नव्हते. तिकीट होतं, पण ज्या गाडीत बसले त्या गाडीला ते चालत नव्हतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि टीसीने ते तसंच सांगायला हवं होतं.

झालं काय असणार ते सांगते. विना आरक्षण तिकिटाचे साधारण तीन प्रकार असतात. साधं म्हणजे पॅसेंजर गाडीचं, मग मेल एक्सप्रेसचं, मग सुपरफास्टचं. तिघांचं भाडं वेगळं. वरच्या गाडीचं तिकीट खालच्या गाडीला चालतं, खालच्याचं वरच्याला चालत नाही. एक्सप्रेस आणि सुपरफास्ट यांच्यात जनरलला फरक किती, तर सुपरफास्टचा सरचार्ज १५ रुपये. पंधरा रुपये! तेवढ्यासाठी दंड मात्र १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १३८ प्रमाणे भाड्याच्या फरकावर अजून तेवढीच रक्कम किंवा २५० रुपये, यातलं जे जास्त असेल ते. म्हणून आकडा २५० च्या वर गेला.

खिडकीवर नुसतं गावाचं नाव सांगितलं की आतला माणूस घाईत जे योग्य वाटेल ते देतो, आणि तिकिटावर प्रकार छापलेला असतो पण तो बारीक अक्षरात, तिथे कोण बघतं. तर बाबांना दोन गोष्टी शिकवा. खिडकीवर गावाच्या नावाआधी गाडीचं नाव किंवा वेळ सांगायची, "अमुक वाजताच्या गाडीचं द्या" असं. आणि बोर्डावर गाडीचा पाच आकडी नंबर बघायचा, तो १२, २० किंवा २२ ने सुरू होत असेल तर गाडी सुपरफास्ट. डेक्कन क्वीन बघा, १२१२३. हातात एक्सप्रेसचं तिकीट असेल आणि सुपरफास्टने जायची वेळ आली तर चढायच्या आधी खिडकीवर जाऊन फरकाचं वेगळं तिकीट काढता येतं, दोन मिनिटांचं काम आहे.

अजून एक सापळा आहे वेळेचा. १९९ किलोमीटरपर्यंतचं जनरल तिकीट काढल्यापासून तीन तासांत किंवा त्या दिशेची पहिली गाडी सुटेपर्यंत प्रवास सुरू करायचा असतो. सकाळी काढून ठेवलं आणि संध्याकाळी गेलो असं चालत नाही. २०० किलोमीटर आणि त्यापुढचं तीन दिवस आधी काढता येतं.

घरातल्या सगळ्यांना माहीत असावं म्हणून याच कायद्याचं पुढचं कलमही सांगते. कलम १३९ प्रमाणे तिकीट नसलं तरी एकट्या बाईला किंवा लहान मुलाला वाटेत कुठेही उतरवता येत नाही. उतरवायचं तर जिथून प्रवास सुरू केला ते स्टेशन, जंक्शन, शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याचं ठिकाण, आणि तेही फक्त दिवसा. आडरानात रात्री उतरवायची धमकी कोणी दिली तर हे कलम तोंडावर सांगा.

प्रश्न: आम्ही दोघं ज्येष्ठ नागरिक. नातवाने आमची आणि त्याची तीन तिकिटं एकत्र काढली. दोघांनाही वरचे बर्थ आले. ज्येष्ठांना लोअर बर्थ मिळतो म्हणतात तो कुठे गेला? आणि सवलत परत सुरू झाली का? – एक आजी, सांगली

आजी, नातवाने प्रेमाने सगळ्यांचं एकत्र काढलं तिथेच ते अडलं. लोअर बर्थचा वेगळा कोटा आहे. साठ आणि त्यावरचे पुरुष, पंचेचाळीस आणि त्यावरच्या बायका, गरोदर स्त्रिया यांच्यासाठी. स्लीपरच्या एका डब्यात असे सहा-सात बर्थ राखून ठेवतात, एसी थ्री टियरला चार-पाच आणि टू टियरला तीन-चार. पण अट अशी की त्या तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असावेत आणि दोघंही त्या वयात बसणारे असावेत. तरुण नातू तिसरा आला की तुमचं तिकीट साध्या कोट्यात गेलं, मग बर्थ मिळेल तो. त्याला सांगा पुढच्या वेळी तुमच्या दोघांचं वेगळं तिकीट काढ, कोटा निवडायच्या यादीत "लोअर बर्थ/ज्येष्ठ नागरिक" आहे तो निवड, आणि स्वतःचं वेगळं काढ. डबा एकच येईल याची खात्री नाही, पण तुम्हाला शिडी चढावी लागणार नाही. साध्या कोट्यातून काढायचंच असेल तर वय बरोबर टाकायला सांगा, जागा शिल्लक असेल तर सिस्टिम खालचा द्यायचा प्रयत्न करते.

सवलत मात्र नाही. २० मार्च २०२० ला करोनाच्या सुरुवातीला बंद केली, त्याआधी पुरुषांना ४० टक्के आणि स्त्रियांना ५० टक्के सूट होती. लोक या दोन गोष्टी एकच समजतात, सवलत गेली म्हणजे लोअर बर्थही गेला असं धरून कोटा निवडतच नाहीत. कोटा चालू आहे, हक्काने घ्या.

प्रश्न: मुलगा ७ वर्षांचा. हाफ तिकीट काढलं तर बर्थ मिळतो का? – नाशिक

नाही. २१ एप्रिल २०१६ पासून पाच पूर्ण ते बारा वर्षांच्या आतल्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं, अर्धं भाडं भरलं तर बर्थ नाही, तुमच्याजवळच झोपवायचं. पाचच्या खालच्याला बर्थ नको असेल तर तिकीटच लागत नाही. रात्रीचा लांबचा प्रवास असेल तर सात वर्षांच्या मुलाला पूर्ण तिकीट काढा असं मी सांगेन, एका बर्थवर दोघांनी झोपणं म्हणजे दोघांचीही झोप नाही.

प्रश्न: तत्काळ नेमकं कोणत्या दिवशी उघडतं? मला सकाळी दहाला बसूनही मिळालं नाही कारण म्हणे आदल्या दिवशीच उघडलं होतं! गाडी माझ्या स्टेशनला रात्री दीड वाजता येते. – अकोला

यातच उत्तर आहे. तत्काळ एक दिवस आधी उघडतं, पण तो दिवस मोजायचा गाडी जिथून सुटते तिथला, तुमच्या स्टेशनचा नाही. गाडी १० तारखेला संध्याकाळी निघून तुमच्याकडे ११ तारखेच्या रात्री दीडला येत असेल तर तत्काळ ९ तारखेला उघडणार. तुम्ही ११ ची गाडी म्हणून १० ला बसलात, तोवर सगळं संपलेलं. बुकिंगच्या स्क्रीनवर हे कुठेही ठळक लिहिलेलं नसतं आणि मध्यरात्रीच्या गाड्या पकडणारे हमखास फसतात.

वेळ एसीची सकाळी १० आणि नॉन एसीची ११. एका तिकिटावर जास्तीत जास्त चार जण. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ फक्त आधारशी जोडलेल्या अकाउंटवरून निघतं, तेव्हा तुमचं अकाउंट आजच तपासून घ्या, दहाला दोन मिनिटं कमी असताना आधार जोडायला बसू नका. पहिला अर्धा तास एजंटांना बंदी आहे, हे चांगलं केलं.

पैशांचं लक्षात ठेवा. कन्फर्म झालेलं तत्काळ तिकीट रद्द केलं तर एक रुपया परत नाही. जाणं नक्की असेल तरच काढा. तत्काळमध्ये वेटिंग आलं तर ते टीक्यूडब्ल्यूएल, सगळ्या वेटिंगमध्ये याची आशा सगळ्यात कमी, मी तर म्हणेन घेऊच नका. आणि त्याच यादीत खाली प्रीमियम तत्काळ असतं, त्याचं भाडं जागा भरत जातील तसं चढत जातं. घाईत बोट तिकडे पडलं तर कितीतरी जास्त पैसे जातात, म्हणून पैसे भरायच्या आधी कोटा पुन्हा एकदा वाचा.

प्रश्न: फर्स्टचा पास आहे, एसी लोकल आली तर चढू का? – डोंबिवली

नाही, एसीचं तिकीट किंवा पास वेगळा लागतो, फर्स्टच्या पासवर पकडलं तर दंड. उलटं चालतं, एसीचा पास असेल तर साध्या लोकलच्या फर्स्टमधून जाता येतं. २०२२ पासून फरक भरून फर्स्टचा पास एसीत बदलूनही मिळतो. त्याच वर्षी मे महिन्यात एसी लोकलचं एकेरी भाडं जवळपास निम्म्यावर आणलं, त्यामुळे रोज नाही पण अधूनमधून एसीने जायचं असेल तर त्या दिवसापुरतं एकेरी तिकीट काढणं परवडतं.

प्रश्न: तुम्ही सगळं समजावून सांगता ते ठीक, पण मुळात एवढं समजावून सांगावं का लागतं? रेल्वेला हे सोपं करता येत नाही का? वेटिंगचे पाच प्रकार कशाला? सगळ्यांची एकच रांग लावा ना! – एक शिक्षक, लातूर

सर, तुमचं पहिलं म्हणणं शंभर टक्के पटतं, दुसरं नाही. एकच रांग लावली तर काय होईल बघा. गाडी मुंबईहून सुटते, मुंबईहून लांब जाणारे साठ दिवस आधी बुकिंग उघडताच सगळ्या जागा घेऊन टाकतील, आणि लातूर, जळगाव, अकोल्यासारख्या मधल्या गावांना उरलंसुरलं. कोटे आहेत म्हणून आपल्याला निदान काही जागा तरी मिळतात. म्हणजे आतली वाटणी राहू दे, ती न्यायाची आहे. माझं भांडण आहे ते ही वाटणी प्रवाशासमोर जशीच्या तशी कोड भाषेत ठेवण्याशी. आरएलडब्ल्यूएल, पीक्यूडब्ल्यूएल ही कर्मचाऱ्यांच्या कामाची अक्षरं आहेत. १९८० च्या दशकात कॉम्प्युटर रिझर्व्हेशन आलं तेव्हा छोट्या कागदावर, मोजक्या जागेत ती सोयीची असतील, तेव्हा खिडकीपलीकडे माणूस बसलेला असायचा, त्याला विचारता यायचं. २००२ मध्ये ऑनलाइन बुकिंग सुरू झालं आणि तो मधला माणूस गेला, अक्षरं मात्र तीच राहिली. आता लोक घरात बसून एकट्याने तिकीट काढतात आणि ज्या स्क्रीनसमोर बसतात तिला काही विचारता येत नाही.

नावं बदलून भागतं का, तर पूर्ण नाही. ब्रिटनमध्ये २००८ साली रेल्वे कंपन्यांनी तिकिटांच्या नावांचा पसारा आवरून तीन मुख्य प्रकार केले, आधी ठरलेल्या गाडीचं, गर्दीची वेळ सोडून चालणारं आणि कधीही चालणारं. नावं खरंच सोपी झाली. पण गर्दीची वेळ कोणती हे मार्गाप्रमाणे आणि कंपनीप्रमाणे बदलत राहिलं, त्यामुळे "माझं तिकीट या गाडीला चालेल का" हा प्रश्न लोक विचारतच राहिले. आपण यातून घ्यायचं ते हे, की प्रकाराला छान नाव देऊन थांबायचं नाही, त्या प्रवाशाच्या त्या दिवसाच्या प्रश्नाचं उत्तर त्याच तिकिटावर द्यायचं.

म्हणजे कसं, तर आईचं आरएसीचं तिकीट घ्या. आज त्यावर इंग्रजी अक्षरं आणि आकडा येतो. त्याजागी असं यायला काय हरकत आहे: "गाडीत चढता येईल. डबा एस ५, बर्थ २३, साइड लोअर, निम्मा, सोबत दुसरा प्रवासी असेल. जागा रिकामी झाली तर पूर्ण बर्थ मिळेल, टीसीला विचारा. आज रात्री आठपर्यंत रद्द केलंत तर इतके रुपये परत मिळतील." चार ओळी आहेत. यातलं सगळं सिस्टिमला आत्ताही माहीत असतं, नवीन काही शोधायचं नाही, फक्त बोलायचं आहे, आणि तेही प्रवाशाच्या भाषेत. जळगावच्या दादांच्या तिकिटावर "मधल्या स्टेशनचा कोटा, तुमच्या पुढे १० जण, ही रांग हळू सरकते" असं आलं असतं आणि तेही पैसे भरायच्या आधी, तर त्यांनी त्याच दिवशी दुसरी गाडी बघितली असती. शेतकरी बाबांच्या तिकिटावर प्रकाराचं नाव मोठ्या अक्षरात आणि खाली "सुपरफास्टला चालणार नाही" एवढं छापलं असतं तर २५० रुपये आणि दोन दिवसांची उपासमार वाचली असती.

तत्काळचंही तसंच. प्रवासाची तारीख टाकली की स्क्रीनने सांगावं, "या गाडीचं तत्काळ अमुक तारखेला अमुक वाजता उघडेल". तारखेतून एक वजा करायचं काम मशीनचं आहे, माणसाला कशाला करायला लावता.

१ जुलै २०२५ ला रेलवन नावाचं अॅप आलं, आरक्षणाचं, विना आरक्षण आणि प्लॅटफॉर्म तिकीट एकाच ठिकाणी मिळतं, ही चांगली सुरुवात आहे. पाच अॅप उघडायचा त्रास कमी झाला. पण एका ठिकाणी आणलेली कोड भाषा ही कोड भाषाच राहते. सर, तुमच्या शाळेतल्या नववी-दहावीच्या मुलांना एकदा घरातलं रेल्वेचं तिकीट आणायला सांगा आणि त्यातलं काय कळतं ते लिहून काढायला लावा. ते कागद आमच्याकडे पाठवलेत तर आम्ही छापू आणि रेल्वेकडेही पाठवू, कारण सामान्य माणूस तिकिटात कुठे अडतो हे ठरवणाऱ्यांना दिसलं तरच ते बदलणार.

प्रश्न: तिकीट दादरहून काढलंय पण आता ठाण्याहून चढायचंय. तसंच चढलं तर चालतं ना? जागा तर माझीच आहे. – ठाणे

तसंच चढू नका. दादरला तुम्ही आला नाहीत असं टीसीने नोंदवलं तर तुमचा बर्थ आरएसीवाल्याला देऊन टाकू शकतो आणि मग भांडून उपयोग नाही. पहिला चार्ट लागायच्या आत ऑनलाइन बोर्डिंग स्टेशन बदलून घ्या, बुकिंगच्या यादीत तुमच्या तिकिटासमोरच तो पर्याय असतो, पैसे लागत नाहीत. एकदा ठाणे केलंत की मग दादरहून चढायचा हक्क गेला हे मात्र ध्यानात ठेवा, त्या दिवशी विचार बदलून दादरला गेलात तर दंड बसू शकतो. दादर ते ठाणे भाड्याचा फरकही परत मिळत नाही. बदल केल्यावर नवीन बोर्डिंग दिसतंय असं तिकीट पुन्हा डाउनलोड करून मोबाईलमध्ये ठेवा आणि सोबत मूळ ओळखपत्र घ्या.

पुढच्या अंकात रिफंड आणि टीडीआर यावरचे प्रश्न घेतोय. तिकिटाचा फोटो पाठवणार असाल तर पीएनआर आणि मोबाईल नंबर झाकून पाठवा.